पावती न्हाय तर अंगठा न्हाय

शेवंतामावशींनी दार आतून लावून घेतलं होतं आणि मी बाहेर ओट्यावर उभी होते. घड्याळात पावणेबारा वाजले होते. ग्रामपंचायतीतला कॅम्प पाच वाजता बंद होणार होता. पाचपर्यंत ज्यांची हयातीची नोंद होणार नाही, त्यांची मदत पुढच्या महिन्यापासून थांबणार होती.

"मावशी, मी आलेय. बँकवाली बाई. दार उघडा."

"तुमीच सांगितलं न्हवं का?" आतून आवाज आला. "पावती न्हाय तर अंगठा न्हाय."

सांगितलं होतं खरं. एकदा नव्हे, आठ आठवडे, दर मंगळवारी, याच गावात, देवळाच्या मंडपात बसून.

गाव इंदापूर तालुक्यातलं, नरसिंहपूरच्या बाजूचं, नीरेच्या काठावरचं. नाव सांगत नाही. का ते पुढं कळेल.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते, त्यामुळे लहानपण कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. ठरल्या तारखेला पगार यायचा, तो आईच्या हातात पडायचा, आणि आई तो पितळी डब्यांत वाटून ठेवायची. पैसे यायचेच नाहीत, असा महिना मी पाहिलेला नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते. माझ्या हातून पुढं ज्या चुका झाल्या, त्यांचं मूळ थोडंफार त्या पितळी डब्यांत आहे.

निवृत्तीनंतर बारामतीतल्या एका लहानशा संस्थेत मी आर्थिक समुपदेशक म्हणून लागले. पद भारदस्त, काम साधं. ज्या कुटुंबांना सरकारी मदत मिळते, म्हणजे निराधार बायका, विधवा, म्हातारी माणसं, त्यांना तो पैसा घरात कसा पुरवायचा ते शिकवायचं. मी जमिनीवर रांगोळीने चार गोल काढायचे. किराणा, औषध, लाईट-गॅस आणि अडीअडचण. प्रत्येकीच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, हा तुमचा महिना, वाटा. बायका हसत हसत वाटायच्या. मग मी त्यातले चार चिंचोके उचलून घ्यायचे आणि विचारायचे, "आता पैसे कमी आले. कात्री कुठं लावाल?" उत्तरही माझंच असायचं. एकाच डब्यावर घाला घालू नका, प्रत्येक डब्यातून थोडं थोडं कमी करा. माझी आई तसंच करायची.

चिंचोक्यांनंतर अंगठ्याचा धडा यायचा. आता हे पैसे थेट खात्यात जमा होतात. पण बँकेची शाखा लांब, जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून गावोगाव बँकेचा एक माणूस असतो. त्याला बँक मित्र म्हणतात. त्याच्याकडे हाताएवढं मशीन असतं. आधार नंबर टाकायचा, अंगठा ठेवायचा, की तो खात्यातले पैसे काढून हातात देतो. सोय उत्तम. फक्त त्या माणसाने अंगठा दोनदा घेतला आणि "फेल गेलं" म्हणून सांगितलं, तर पैसे गेले ते समोरच्या बाईला कळतसुद्धा नाही.

लोणी भापकरच्या वाटेवरच्या एका वस्तीवर मी असं प्रत्यक्ष पाहिलं होतं. ती हकिगत मी प्रत्येक वर्गात सांगायचे, आणि कबूल करते, दर वेळी थोडं तिखटमीठ लावून सांगायचे. आवाज खाली न्यायचे. "तुमचा अंगठा म्हणजे तुमच्या घराची किल्ली. किल्ली कुणाच्याही हातात द्याल?" काही जणी पदराखाली हात घ्यायच्या. मला बरं वाटायचं. धडा पोचला असं वाटायचं. मशीन फेल गेलं तरी पावती मागा, पावती मिळाल्याशिवाय जागचं उठू नका, असं मी सांगायचे. बायकांनी त्याचं आपल्या बोलीत छोटं करून टाकलं, पावती न्हाय तर अंगठा न्हाय. संस्थेतल्या आमच्या सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी पोस्टर छापलं. वर्गाच्या शेवटी चाचणी घेतली, तेव्हा या गावाला पैकीच्या पैकी मार्क पडले.

आणि त्या सकाळी सुरेखाचा फोन आला. सुरेखा म्हणजे गावातल्या बचत गटाची सचिव, माझा वर्ग तीच भरवायची.

"मॅडम, लौकर या. हयातीचा कॅम्प लागलाय आन् तुमच्या वर्गातल्या बायका अंगठाच देईनात. ऑपरेटरला म्हणत्यात, पावती दे. त्यो म्हणतोय, ह्याची पावती निघतच न्हाय."

हयातीचा कॅम्प म्हणजे मदत घेणारा माणूस जिवंत आहे का, याची वर्षातून एकदा होणारी खात्री. अंगठा मशीनवर ठेवायचा, नोंद थेट सरकारच्या कॉम्प्युटरवर जाते. पैशाचा काही संबंध नाही, म्हणून पावतीही नाही. हा फरक मी आठ मंगळवारांत एकदाही सांगितला नव्हता. सुचलंच नव्हतं.

एसटीने इंदापूर, तिथून सुरेखाच्या स्कूटीवर गावात. मला घ्यायला येण्याआधीच सुरेखाने बाकीच्या बायकांची समजूत घातली होती. उरल्या होत्या एकट्या शेवंतामावशी. वय अडुसष्ट-सत्तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात त्या आणि त्यांची मुलगी मंदा. मंदा चाळिशीची, तिला लहानपणापासून फिट येतात. गोळ्या रोज लागतात. सरकारी दवाखान्यात असल्या तर मिळतात, नसल्या की दुकानातून आणायच्या. मंदाचं स्वतःचं मदतीचं प्रकरण प्रमाणपत्रावाचून अडकलेलं. म्हणजे मावशींचे निराधारचे पैसे म्हणजेच मंदाच्या गोळ्या, इतका सरळ हिशोब.

ओट्यावर उभी असतानाच सरांचा फोन आला. सर तिशीच्या आतले. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर.

"मॅडम, किती राहिले?"

"एक."

"एकच ना? मग हंड्रेड परसेंट करून टाका. फंडरला रिपोर्ट जायचाय."

"दार उघडत नाहीत, सर."

"का?"

"आपलं पोस्टर पाठ झालंय त्यांना."

मी फोन ठेवला आणि पुन्हा दाराला तोंड लावलं.

"मावशी, हे पैसे काढायचं मशीन नाही. तुम्ही जिवंत आहात एवढं सांगायचं मशीन आहे."

"म्या जित्ती हाय ती समद्या गावाला दिसतंय की. मशीनला कशाला सांगू?"

एरवी मी हसले असते. पण आवाजात चेष्टा नव्हती. आवाज कापत होता. मला वाटलं, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातला प्रकार असणार. मी भीती घातली, ती जरा जास्तच लागली. आता मीच ती काढीन.

"मी तुमच्या शेजारी उभी राहते," मी म्हटलं. "माझ्यादेखत अंगठा द्या."

आतून प्रश्न आला. "मशीनवर कोन बसलंय?"

सुरेखा म्हणाली, "सोमनाथ हाय की. दुसरं कोन असनार?"

"मंग न्हाय."

"का पर, मावशे?"

"न्हाय म्हंजी न्हाय."

सोमनाथ गावातला केंद्र चालवणारा. दाखले, अर्ज, लाईटबिलं सगळं त्याच्याकडेच. बँक मित्रही तोच. चाळिशीचा, गोड बोलणारा, माझ्या वर्गाला सतरंज्या आणि पाण्याचा जार पाठवणारा. त्याच्या चुलत्याची पेरूची मोठी बाग आहे आणि गावातल्या निम्म्या बायका त्या बागेत कामाला. मावशीसुद्धा. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वर पिशवी चढवायची, असं ते काम.

दाराआडची भीती मशीनची नव्हती. माणसाची होती. आणि तो माणूस मंडपात सगळ्यांत मागे बसून माझे सगळे वर्ग ऐकत असे.

तेवढ्यात आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ काहीतरी जड आपटलं. "मंदे! अगं मंदे!" मावशी ओरडल्या आणि कडी निघाली.

मंदा चुलीपासून हातभर अंतरावर पडली होती. अंग ताठ, डोळे फिरलेले, तोंडातून फेस. मी आयुष्यभर काउंटरमागे बसलेली बाई. मी नुसती उभी राहिले. सुरेखानेच पुढं होऊन तिला कुशीवर वळवलं, चुलीतलं जळतं लाकूड मागं सारलं, डोक्याखाली ओढणी घातली. मावशी मंदाचा हात धरून बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "आठवड्यात तिसरी बार. तिसरी बार."

दोन-तीन मिनिटंच गेली असतील. मंदाचं अंग सैल पडलं, ती घोरायला लागली. मी तोवर भिंतीला टेकले होते. समोर फळी होती. फळीवर चार डबे ओळीने मांडलेले. प्रत्येकावर खडूने खूण केलेली. दाणा, गोळी, दिवा आणि चौथ्यावर नुसता गोल. माझाच वर्ग, हुबेहूब.

मी गोळीचा डबा काढला. वाटलं, औषध द्यायला हवं असेल. झाकण उघडलं. आत गोळ्यांची पट्टी, एक ब्लेड, आणि कागदाच्या पुडीत अर्ध्या कापलेल्या गोळ्या.

"मावशी, हे काय?"

"पैसं कमी पडलं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनला हुता, एकाच डब्यावर घालायचं न्हाय. परत्येक डब्यातनं थोडं थोडं कमी करायचं. दाणा कमी क्येला. दिवा कमी क्येला. तशी गोळी बी कमी क्येली."

कुणी मला रागावलं असतं तर सोसलं असतं. पण त्या मला रागवत नव्हत्या. धडा बरोबर केला ना, अशा नजरेने बघत होत्या.

मी इंदापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. मंदाचे कागद त्यांच्याकडचेच. ते म्हणाले, "अर्ध्या गोळ्या? असं अचानक कमी केल्यावर फिट येणारच. कुणी सांगितलं हे?"

मी म्हटलं, "ते नंतर सांगते. आता काय करू?"

शुद्धीवर आली, नीट गिळायला लागली की ठरलेली पूर्ण गोळी सुरू करा, उद्या मला दाखवा, पुन्हा फिट आली तर लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. मी ते तीनदा वदवून घेतलं आणि सुरेखाला लिहून दिलं.

मग मावशींच्या शेजारी जमिनीवर बसले. "पैसे कमी कसे पडले? जमा झाले नाहीत का?"

त्या दाराकडे बघत बोलायला लागल्या. दोन महिन्यांमागं दोन हप्ते एकदमच आल्याचं शेजारणीने सांगितलं. त्या सोमनाथच्या दुकानात गेल्या. त्याने अंगठा घेतला. फेल. पुन्हा घेतला. फेल. तिसऱ्यांदा घेतला आणि म्हणाला, तुझं पैसं आल्यालंच न्हाईत.

"म्या पावती मागितली. त्यो म्हनला, रोल संपलाय. तुमी म्हनला हुता, पावती मिळाल्याबिगार उठायचं न्हाय. म्या उठले न्हाय. दुपारधरनं बसले. गिऱ्हाईक समदी गेली. मंग त्यानं शटर निम्मं खाली वढलं."

"मग?"

"म्हनला, लई शानी झालीस व्हय त्या बँकवालीच्या वर्गात जाऊन? हयातीचं मशीन बी माझ्याच हातात हाय. यादीत मेल्याली टाकीन तुला. मंग बस पावती मागत."

सुरेखाने तोंडावर हात ठेवला. मी मात्र त्या निम्म्या शटरचाच विचार करत राहिले. सत्तरीची बाई माझ्या शब्दाखातर जमिनीला खिळून बसली होती. बसा, असं मी सांगितलं होतं. शटर खाली आलं तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. माझ्या बँकेत शटरच्या आत आम्ही असायचो, आणि बाहेर वॉचमन.

"मला का नाही सांगितलंत? त्यानंतर तीन मंगळवार वर्ग झाला."

"त्यो मागंच बसल्याला असायचा की."

आता सगळा पेच समोर आला. अंगठा दिला तर सोमनाथ मेलेली टाकील, अशी त्यांची भीती. अंगठा दिला नाही, तर सरकार आपसूक नाव थांबवणार. आगीतून फुफाट्यात. मी पुन्हा म्हटलं, मी शेजारी उभी राहते. तर त्या म्हणाल्या, "आज ऱ्हाल वो उभ्या. पुढल्या म्हैन्याला कोन ऱ्हाईल?" म्हणजे सोमनाथच्या मशीनवर जायचंच नाही.

मी तहसीलच्या ओळखीच्या क्लार्कबाईंना फोन केला.

"मॅडम, गावातल्या माणसाची हयात तुमच्याकडे करता येते का?"

"येते. पण पाचच्या आत. पाचला साइट बंद."

"आम्ही येतोय."

"कॅम्प गावातच आहे ना? मग इकडे कशाला?"

"आल्यावर सांगते."

मंदा शुद्धीवर येऊन पूर्ण गोळी गिळेपर्यंत अडीच वाजले. सुरेखा तिच्याजवळ थांबली. आम्ही दोघी रस्त्यावर आलो. स्कूटी मला चालवता येत नाही आणि एसटी नुकतीच गेली होती. पाऊण तास कुणी थांबेना. शेवटी इंदापूरच्या मार्केटला पेरूचे क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्याने पुढं बसवून घेतलं. गाडी वळली ती ग्रामपंचायतीसमोरच्या रस्त्यावर, दुसरा रस्ताच नाही. सोमनाथ पायरीवर चहा पीत उभा होता. त्याने हात केला. ड्रायव्हरने ओळखीने ब्रेक मारला.

"काय मॅडम, निघालात?" तो खिडकीशी आला. आत वाकून बघितलं. "मावशे, तुझंच ऱ्हायलंय बघ. उतर, दोन मिंटात करतो."

मावशींनी पदर तोंडावर ओढला. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला वाटलं होतं, अशा वेळी मी ठणकावून बोलेन. बत्तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, मॅनेजरांशी भांडलेली. प्रत्यक्षात मी खोटं बोलले. हे त्याचं गाव. ही गाडी त्याच्या ओळखीची. मला पुढच्या वर्गाला पुन्हा इथंच यायचं, आणि मावशींना तर इथंच राहायचं.

"दवाखान्यात चाललोय," मी म्हटलं. "मंदाला फिट आली. गोळ्या आणायच्यात."

"आरारा," तो म्हणाला. "मंग आल्यावर करू की. पाचपत्तोर हाय मी." आणि खिडकीवर थाप मारून हसला. त्याला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मी आरशात बघत होते, मागे त्याची मोटरसायकल येते का म्हणून. आली नाही.

तहसीलला पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. क्लार्कबाईंनी मशीन पुढं सरकवलं. मावशींनी अंगठा पदराला पुसला, माझ्याकडे बघितलं, आणि ठेवला. लाल दिवा. "जुळत नाही," क्लार्कबाई म्हणाल्या. "परत ठेवा."

मावशींनी हात मागे घेतला. फेल म्हणजे पैसे गेले, एवढंच त्यांना ठाऊक.

"पावती द्या," त्या म्हणाल्या.

"कसली पावती? अजून झालंच नाही काही."

"फेल गेल्याची पावती द्या."

क्लार्कबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मॅडम, कृपा करून स्क्रीनवर जे आलंय त्याची एक प्रिंट द्या. माझ्यासाठी." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण प्रिंट दिली. मावशींनी कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि दुसरा अंगठा दिला. लाल. पुन्हा पावती. मधलं बोट. लाल. पुन्हा पावती. मागची रांग कुरकुरायला लागली. मी मावशींचा हात हातात घेऊन बघितला. फोमच्या जाळ्या चढवून चढवून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, रेषा अशी उरलेलीच नव्हती. चार पंचवीस. या बाईला मी शपथेवर जिवंत म्हणू शकत होते, पण माझ्या शपथेला तिथं रकाना नव्हता.

"चेहऱ्यावरून बघू," क्लार्कबाई म्हणाल्या. मोबाईल मावशींच्या तोंडासमोर धरला. "डोळे मिटा आणि उघडा."

मावशी डोळे मिटेनात. टक लावून बघत राहिल्या. ॲप परत परत तेच सांगत होतं.

"मावशी, डोळे मिटा ना."

"न्हाय. मिटल्यावर मेल्याली दाखवलं तर?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, दोन्ही खांदे धरले आणि म्हटलं, "मी तुमच्यावर डोळे ठेवून आहे. तुम्ही मिटा." त्यांनी श्वास घेतला आणि मिटले. उघडले.

क्लार्कबाईंनी मोबाईल वळवून आम्हाला दाखवला. हिरवी खूण. मग न मागता एक प्रिंट काढली, त्यावर शिक्का मारला, आणि मावशींच्या हातात देत म्हणाल्या, "घ्या आजी. ही खरी पावती. तुम्ही हयात आहात." चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. बाहेर येऊन मी पायरीवर बसले. मावशी मेडिकलचं दुकान कुठं आहे ते विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मंदाला डॉक्टरांना दाखवलं आणि मावशींचं पासबुक शाखेत भरून घेतलं. सोमनाथने "आल्यालंच न्हाईत" म्हटलेल्या दिवशी पैसे निघाल्याची नोंद त्यात होती. मी तक्रारअर्ज लिहायला घेतला. सरांचा फोन आला.

"मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण त्या गावात आपल्याला लोकल सपोर्ट लागतो."

"सर, लोकल सपोर्टच पैसे खातोय."

"मी फक्त म्हणतोय, इश्यू करू नका."

"इश्यू झालेलाच आहे. मी फक्त लिहून काढतेय."

मावशींनी अर्जावर अंगठा उठवायला तीन दिवस घेतले. मी घाई केली नाही. त्यांच्यामागून आणखी चौघी पुढं आल्या, तेव्हा कळलं की त्या सगळ्या आपापल्या घरात कड्या लावून गप्प बसल्या होत्या. बँकेने चौकशी केली. सोमनाथकडून मशीन काढून शेजारच्या गावातल्या एका बाईकडे दिलं. मावशींचे पैसे उशिरा का होईना, खात्यात परत आले. त्याच्या चुलत्याच्या बागेतलं मावशींचं काम मात्र सुटलं. आता त्या चार किलोमीटर चालत दुसऱ्या बागेत जातात. हा खर्च माझ्या कुठल्याच गोलात बसत नाही. सोमनाथ अजून गावात आहे. समोर आला की नमस्कार करतो, आणि माझा हात अजूनही पर्स घट्ट धरतो.

पोस्टर मी काढायला लावलं. वर्गातही बदल केले. हयात वर्षातून एकदा तपासतात, ती कशी, हे पहिल्याच मंगळवारी सांगते. कुणी दरडावलं तर बसून राहू नका, उठा, घरी या आणि या नंबरला फोन करा, हेही सांगते. नंबर माझाच असतो. औषधाचा गोल आता बाकीच्या तिघांपासून लांब, भिंतीकडेला काढते. त्याला कात्री नाही. वर्ग चालू असताना मंडपात मागे कोण बसलंय, तेही बघते.

परवा त्याच गावात नवा वर्ग सुरू केला. मी गोल काढले, चिंचोके वाटले, आणि जुन्या सवयीने चौघींच्या हातातले थोडे काढून घेऊन विचारलं, "पैसे कमी आले. आधी काय कराल?"

"किराणा कमी करू," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "लाईट."

शेवंतामावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. शेजारी मंदा. त्यांचं नाव या वर्गात नव्हतं, उगाच आल्या होत्या.

"आधी इचारायचं," त्या म्हणाल्या, "कमी कुनी क्येलं."

माझ्या मुठीत त्या बायकांचे चिंचोके होते. मी ते ज्यांचे त्यांना परत दिले आणि मावशींचं वाक्य फळ्यावर लिहिलं. सरांनी फोटो मागितला. मी म्हटलं, या वेळी पोस्टर नको.